बरणीचं झाकण

"बाबा, किती जाड कापताय?"

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर मुलीचं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"वॉशरएवढ्या."

"कुठल्या वॉशरएवढ्या?"

"अर्ध्या इंची नळाच्या."

मुलगी हसली. फिटरनं मान वर केली नाही. आयुष्यभर त्यानं पाइप कापले, मिरच्या आज पहिल्यांदा. लांब, फिक्या हिरव्या, बेताच्या तिखट मिरच्या. चकत्या एकसारख्या पडत होत्या. एखादी वाकडी पडली की तो ती बाजूला सारत होता.

"अहो, त्याही घाला की. त्यांना काय लग्नाला जायचंय?"

त्यानं त्या उचलून बरणीत टाकल्या. पातेल्यात व्हिनेगर ओतलं, तेवढंच पाणी ओतलं, मीठ घातलं. वासानं त्याला ठसका लागला.

"साखर किती?"

"आई मुठीत घ्यायची आणि बोटांतून सोडायची."

"माझी मूठ तिच्या दुप्पट आहे."

"मग अर्धी सोडा."

त्यानं अर्धी सोडली, उरलेली डब्यात परत टाकली आणि हात पँटला पुसला.

या कामात इतकी वर्षं त्याचा वाटा एकच होता. बायको मिरच्यांवर व्हिनेगरचं उकळतं पाणी ओतायची, गरम बरणी फडक्यात धरून त्याच्यापुढं ठेवायची आणि तो झाकण लावायचा. असं आवळायचा की उघडायलाही तोच लागायचा. जेवायच्या वेळी आतून हाक यायची, "अहो, या जरा. पुन्हा आवळून ठेवलंय मेलं!" तो लगेच उठायचा नाही. दुसरी हाक येईपर्यंत पेपर वाचल्यासारखं करायचा. मग म्हणायचा, "आलो."

"घर आहे हे, पाण्याची टाकी नाही," असं ती रोज म्हणायची आणि बरणी त्याच्या हातात द्यायची.

पातेल्याच्या कडेला बुडबुडे आले.

"झाकण माणसासारखं लावा हं, बाबा," मुलगी म्हणाली. "नाहीतर तुमचं तुम्हालाच उघडायचं नाही."

"माझ्या हाताला अजून काही झालेलं नाही."

"आणि नाहीच उघडलं तर चमचा घ्या. त्याचा दांडा झाकणाच्या कडेखाली घालायचा आणि जरासा उचलायचा. टक् आवाज झाला की हवा आत गेली. मग दोन बोटांनी फिरतं."

फिटरनं गॅस बारीक केला. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. गरम बरणी निवली की आतली हवा आकसते आणि झाकण आत ओढलं जातं, हे त्याला बरणी हातात घ्यायच्या आधीपासून कळत होतं. पण घरात त्यानं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी म्हणजे? आईनं. ती तशीच तर उघडायची."

"कधी?"

"रोज. सकाळी तुम्ही कामावर गेलात की आमच्या डब्यात मिरच्या कोण घालणार होतं? तो दांडा वाकलेला चमचा आहे ना ड्रॉवरमध्ये, तो त्यानंच वाकलाय."

तो चमचा त्याला माहीत होता. एकदा पक्कड घेऊन सरळ करायला बसला, तर बायकोनं हातातून काढून घेतला होता. "राहू द्या हो. तसाच बरा आहे तो."

"मग मी घरी असताना..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय?"

"काही नाही. उतू चाललंय."

उतू जात नव्हतं. त्यानं तरी पातेलं उतरवलं आणि बरणीत ओतलं. हिरव्या चकत्या वर आल्या, एकमेकींवर आपटल्या आणि हळूहळू मळकट पिवळ्या होत गेल्या.

"संध्याकाळपर्यंत खाण्यासारख्या होतील," मुलगी म्हणाली. "आणि आज बसून जेवा. ओट्याशी उभं राहून नको."

"कोण जेवतं उभं राहून?"

"शेजारच्या काकूंना खिडकीतून दिसतं, बाबा."

"काकूंना म्हणावं, आपलं दूध बघा."

मुलगी हसली नाही. "ठेवू का मग?" तिनं विचारलं.

"ठेव, ठमे."

पडदा काळा झाला. त्यानं बरणी फडक्यात धरली आणि झाकण फिरवलं. बसलं. मग दोन्ही कोपर ओट्याला टेकवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून आवळलं.

संध्याकाळी त्यानं टेबल पुसलं. ताटात पाव घेतला, उकडलेले बटाटे घेतले. फ्रिजमधून बरणी काढून ताटाशेजारी ठेवली. ड्रॉवरमधला वाकडा चमचाही आणला. बसला. दांड्यावरून अंगठा फिरवला. मग उठून चमचा जागच्या जागी ठेवून आला आणि पुन्हा बसला.

हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला. फ्रिज घुरघुरत होता, तोही थांबला. बटाट्यांची वाफ येईनाशी झाली. शेजारी कुणीतरी कुणाला तरी जेवायला बोलावलं.

"आलो," तो म्हणाला आणि बरणीकडे हात नेला.