आधी गाव बघू

"मशीनं कुठे पळून जात नाहीत, मादाम," लाँबोत साहेब म्हणाले. "आज मला तुमचं गाव दाखवा."

इदालिनाचा जीव भांड्यात पडला. टॉवेलचा कारखाना बेल्जियमच्या मालकांनी घेतल्यापासून तो बंद होणार, बंद होणार असं सगळे म्हणत होते, आणि आज तिथून हा साहेब आला होता. उद्या दहाला सगळ्या कामगारांसमोर बोलणार होता. त्याला फ्रेंच तेवढं येत होतं. पोर्तुगालातल्या आमच्या गिमराइंशमध्ये अस्खलित फ्रेंच बोलणारी माणसं आहेत, पण कारखान्यात एकटी इदालिनाच. तिचं लहानपण पॅरिसमध्ये जिन्याखालच्या खोलीत गेलं होतं. आई त्या इमारतीचे जिने पुसायची.

"पाहुण्याला खूश ठेव, बाई," मॅनेजर तेलेसनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. "तुझ्यावर आहे सगळं."

ते सांगायची गरज नव्हती. ती निर्यात खात्यात, नवरा अल्बानो रंगखात्यात. फाटक बंद झालं तर दोघांना मुलाकडे लक्झेंबर्गला जावं लागणार आणि आईसारखेच परक्यांचे जिने पुसावे लागणार. आता मरेपर्यंत गाव सोडणार नाही, असं ती पॅरिसहून परतली तेव्हाच ठरवून बसली होती.

म्हणून दुखरा गुडघा घेऊन ती जीव तोडून फिरली. किल्ला दाखवला, चौकातलं ऑलिव्हचं झाड दाखवलं, 'पोर्तुगाल इथे जन्मला' असं लिहिलेली भिंत दाखवली. एरवी पाहुणे भिंतीपुढे फोटो काढतात आणि आइस्क्रीमच्या रांगेत पळतात. हा माणूस तसा नव्हता. दगडाला हात लावून बघायचा, घरांचे सज्जे निरखायचा. गल्लीत वाळत घातलेल्या टॉवेलखालून जाताना मात्र त्यानं मान खाली घातली. तो उंच होता, त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कामाला गेलात की सगळीकडे असंच फिरता?" तिनं विचारलं.

"सगळीकडे. पोलंडमध्ये एका म्हाताऱ्या फोरमननं भर पावसात मला अख्खं शहर पायी दाखवलं. त्याची छत्री माझ्याच डोक्यावर."

"आता कसे आहेत ते?"

"पुन्हा बोलणं झालं नाही," तो म्हणाला आणि एका खिडकीचा फोटो काढू लागला.

मिठाईच्या दुकानात मालकीण झुल्मिरानं पोर्तुगीजमध्ये तोफ डागली. "काय गं, नवरा बदललास की काय?"

"बदलायचाच तर जरा केस असलेला नसता का शोधला?"

दोघी खिदळल्या. "काय म्हणतायत त्या?" लाँबोत साहेबांनी विचारलं.

"पाहुणा देखणा आहे म्हणते."

साहेब लाजले. झुल्मिरानं बदामाच्या वड्यांचा डबा गच्च भरून त्यांच्या हातात दिला आणि इदालिनाच्या कानाशी आली. "माझी सून शिलाई खात्यात आहे म्हणून सांग त्यांना. दोन लहान पोरं आहेत तिला."

इदालिनानं सांगितलं. साहेबांनी डब्याकडे पाहत मान हलवली.

टेकडीवर जाण्याआधी अल्बानोचा फोन आला.

"काय म्हणतोय तो?"

"माणूस चांगला आहे रे. वडी दोनदा मागून खाल्ली."

"वड्या राहू दे गं. कारखान्याचं काय?"

"एक अक्षर काढलं नाही."

"मग बरंच झालं की! खोट काढायची असती तर आल्या आल्या मशीनं बघितली असती."

तिलाही तसंच वाटत होतं. वाटेत भेटणारी ओळखीची माणसं साहेबांना टोपी काढून नमस्कार करत होती, आणि तिला आपल्या गावाचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. एवढ्या प्रेमानं बघणारा माणूस वाईट कशाला करेल?

टेकडीवरून उतरताना रोपवेच्या पाळण्यात ती दोघंच होती. उन्हं कलली होती. खाली लाल कौलं, चर्चचे मनोरे आणि नदीकाठी लांबलचक निळं छप्पर.

"ते निळं दिसतंय ना, ते आपलं," ती म्हणाली. 'आपलं' म्हणताना तिनं त्यालाही त्यात धरलं होतं.

दिवसभर दिसेल त्याचे फोटो काढणाऱ्या लाँबोत साहेबांनी फोन खिशातच ठेवला. ते नुसते बघत राहिले.

"उद्या मीटिंग झाली की आमच्याकडे जेवायला या," ती म्हणाली. "अल्बानो भट्टीत कॉड मासा असा भाजतो, बोटं चाटत राहाल. मग तुम्हाला चामडं कमवायच्या जुन्या टाक्या दाखवते. त्या तेवढ्या राहिल्या."

साहेबांनी मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरला.

"त्या आजच बघायच्या का?"

"आज? माझा गुडघा बघा कसा सुजलाय. गाव कुठे पळून जातंय? उद्या निवांत जाऊ."

"उद्या नको, मादाम." ते तिच्याकडे न बघता बोलत होते, फार हळू. "मी गाव नेहमी आदल्या दिवशीच बघून घेतो. मीटिंग झाली की माझ्याबरोबर कोणी फिरायला येत नाही."