गोड स्वभावाची पेशंट

"कसं वाटतंय?" डॉक्टर दर महिन्याला विचारत. कुमुदताई "अगदी छान!" म्हणत आणि करंज्यांचा डबा पुढे करत. नैराश्याच्या गोळ्यांनी त्यांचं रडणं तसूभरही कमी झालं नव्हतं. पण एवढ्या शिकलेल्या माणसाचं मन कसं मोडायचं? जन्मात कुणाला दुखावलं नाही, मग गोळीला तरी का दुखवायचं? डॉक्टर खुशीत लिहीत, 'स्वभाव गोड. औषधाला उत्तम प्रतिसाद.'

सहाव्या महिन्यात मात्र त्या हात हलवत आल्या.

"छानच ना?"

"कसलं छान! काडीचा फरक नाही. इतके दिवस तुमचं मन राखत होते." एवढं बोलल्यावर कित्येक महिन्यांनी त्यांना सपाटून भूक लागली.

डॉक्टरांचा चेहरा पडला. टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघत त्यांनी लिहिलं, 'स्वभाव चिडचिडा झाला. गोळी दुप्पट.'