मधली खुर्ची

"खुर्ची जरा उजेडाकडं घ्या. अजून थोडी. हां, बास," निवृत्ती म्हणाला आणि कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात त्याने डोके घातले.

मधल्या खुर्चीत पंचाक्षरी आप्पा बसले होते. देशाच्या कबड्डी संघाची छायाचित्रे घेण्यात ज्यांचे उभे आयुष्य सरले, ते आप्पा आज प्रथमच भिंगाच्या या बाजूला आले होते. लातूरच्या त्यांच्या अंगणात संघातले या भागातले जुने खेळाडू गोळा झाले होते. कुणी बिलोलीहून, कुणी उमरीहून, निरोप मिळताच मिळेल त्या गाडीने निघालेले.

लातूर नुकतेच जिल्ह्याचे गाव झाले होते. कचेऱ्यांवर नव्या पाट्या झळकत होत्या. पण आभाळाला अद्याप ती वार्ता पोचली नसावी. मांजरा नदीचे पात्र उघडे पडले होते आणि टँकरचा भोंगा वाजला की गल्ली धावत सुटे. उन्हाळा लागल्यापासून आप्पा ओल्या पंच्याने अंग पुसून घेत. आज मात्र गल्लीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाटणीची एकेक घागर आणून दिली आणि त्यांना अंगभर स्नान घडले. कपाळी विभूतीची बोटे उमटली, गळ्यात झेंडूचा हार पडला. एवढा मान आपल्यासारख्याला कशासाठी, असे त्यांच्या मनात तरळून गेले. विशेष म्हणजे, सकाळपासून त्यांना तहान अशी लागलीच नव्हती.

निवृत्तीने त्यांच्या पाठीशी फळी लावून मान तिला टेकवली होती. आप्पांना त्याचे नवल वाटले नाही. नांदेडला ज्या स्टुडिओत ते ही विद्या शिकले, तिथेही माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू देत. निवृत्ती त्यांचाच शिष्य. गुरूची रीत त्याने राखली होती.

"जन्मभर म्हणत राहिले, घडीभर बसा," नीलाबाई म्हणाल्या. पतीच्या खांद्यावरची शाल त्यांनी सारखी केली. "एका जागी बसतील तर शपथ! आता बघा, कसे गुमान बसलेत." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आप्पा मनातल्या मनात हसले.

संघाचे छायाचित्र घ्यायची वेळ आली की पोरे आग्रह करीत, "आप्पा, तुम्ही बी या की मधी." आप्पांचे उत्तर ठरलेले असे: "शेषेराव आणि धोंडप्पा ज्या दिवशी एका चौकटीत उभे राहतील, त्या दिवशी मी मधे बसेन."

शेषेराव लोह्याचे, संघाचे कप्तान. धोंडप्पा उदगीरचा, चढाईला निघाला की समोरच्यांचे पाय मागे सरत. एका अंतिम सामन्यात कप्तानांनी त्याला बाहेर बसवले. संघ हरला. तेव्हापासून एक दिसला की दुसरा वाट बदली. आप्पांच्या पेटीत संघाचे सारे वैभव होते, आणि त्या दिवसानंतरच्या प्रत्येक चित्रात एका माणसाची उणीव होती. ती भरलेली पाहण्यावाचून आप्पांची दुसरी इच्छा उरली नव्हती.

शेषेराव आले होते. दाराशी खांबाला टेकून, खाली मान घालून उभे होते. धोंडप्पाचा पत्ता नव्हता.

"अव्वा, ऊन चाललंय," निवृत्ती नीलाबाईंना म्हणाला. "घेऊ का?"

"थांब रे. उदगीरची गाडी यायची हाय," नीलाबाई म्हणाल्या.

आप्पांनाही थांबायचेच होते. उन्हाचा कवडसा पायांवरून गुडघ्यांवर चढत होता आणि सारे आवाज पाण्याखालून यावेत तसे मंद येत होते. त्यांना मैदाने दिसू लागली. लाल माती, धुळीचा सोनेरी पडदा, त्यातून घुमत येणारा एका श्वासाचा अखंड नाद. धावणारी माणसे त्यांनी आयुष्यभर थांबवून ठेवली. आता कुणीतरी त्यांनाच तसे अलगद थांबवले होते, आणि ते थांबणे फार सुखाचे होते. पोझ देताना कुणाचे डोळे मिटले की आप्पा दटावीत. आज त्यांचेच मिटले होते, तरी कुणी दटावले नाही.

फाटक करकरले. धुळीने माखलेला धोंडप्पा आत आला आणि शेषेरावांना पाहून जागीच थबकला.

"तुम्ही बी आलाव म्हणा."

"मग? आप्पा एकट्या उदगीरचे हायत का?"

"न्हाई, कप्तानाला सवड मिळाली, त्याचं नवल वाटलं."

"भांडायचं असंल तर गल्लीत जावा," नीलाबाई कडाडल्या. "ह्यांच्यासमोर न्हाई!"

शेषेराव खांब सोडून पुढे आले.

"धोंडप्पा, तुला त्या दिवशी बसवलं, ते माझं चुकलं. तू असतास तर आपण हरलो नसतो."

धोंडप्पाने तोंडावरची धूळ पुसली. "एवढं म्हणायला लई वरसं लावलीत, कप्तान."

"ये हिकडं. आप्पांच्या उजव्या अंगाला तू."

दोघे खुर्चीच्या दोन बाजूंना उभे राहिले. दोघांचे हात आप्पांच्या खांद्यांवर आले. बाकीचे मागे दाटीने उभे राहिले. धोंडप्पा वाकून त्यांच्या कानाशी पुटपुटला, "आप्पा, आलो बरं का. दोघं बी हाव."

आप्पा काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे काही उरलेच नव्हते. चौकट भरली होती.

खटका पडला.

"अजून एक घेऊ?" निवृत्तीने विचारले.

"नको," शेषेराव म्हणाले आणि त्यांनी खुर्चीचा एक हात धरला. "धोंडप्पा, तू तिकडून धर. मठामागं खड्डा कवाचा तयार हाय. ऊन उतरायच्या आत आप्पांना माती देऊ."