उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला

मुनाफचा घास हातातच राहिला. वाकोल्याच्या त्या चाळीत दोन्ही जिन्यांनी पोरं वर चढत होती.

एका जिन्यातली ओरडत होती, ह्याने पुस्तकात बादशहाची टिंगल केली. दुसऱ्या जिन्यातली ओरडत होती, ह्याने बादशहाची आरती ओवाळली. मुनाफचं पुस्तक कुणीच वाचलेलं नव्हतं. एक तर ते इंग्रजीत, त्यात जाड. बादशहाच्या मुदपाकखान्यापासून बर्मिंगहॅमच्या टॅक्सीपर्यंत एका मुसलमान खानदानाची त्यात खिल्ली होती. म्हणजे मुनाफच्या स्वतःच्याच. विलायतेहून खालाकडे, आईच्या बहिणीकडे, जेवायला आला होता बापडा.

गॅलरीत रुकय्याखालाच्या दारात दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या. तोंडांना रुमाल. एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी चपला काढल्या आणि एकदमच आत घुसले. एकीवर इतकी भाषणं झाली, एकी झाली ती इथे.

"मेल्यांनो, भरल्या ताटावरून उठवता?" रुकय्या लाटणं घेऊन उठली. कुणीतरी तिला दंडाला धरून मोरीत नेलं, नळ लागू नये म्हणून तिच्या कपाळावर तळवा धरला आणि बाहेरून कडी लावली.

आत तिला सगळं ऐकू येत होतं. क्रिकेटचा स्टंप मुनाफच्या पाठीवर बसत होता. ताट भिंतीवर आपटलं.

"कुठल्या हाताने लिहिलंस रे?"

"लिहीत नाही. टाइप करतो."

"कुठल्या हाताने, विचारलं!"

"दोन्ही."

खरं बोलायची खोड. बत्ता रुकय्याच्याच खलातला होता, आवाज तिने ओळखला. आधी उजवा पंजा फुटला, मग डावा.

खाली पोलिसांची गाडी वाजली तशी पोरं पत्र्यांवर उड्या टाकून अनवाणी पळाली. शेजारच्या वनमालाने येऊन मोरीची कडी काढली. मुनाफ भातात पडला होता, पंज्यांचं वाटण झालेलं. रुकय्याने पदर फाडून बांधला.

"खाला," तो रक्त थुंकत हसला, "चपला काढून आले गं. हे पुस्तकात घातलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं."

हवालदार कुंडलिक दारात उभा राहिला. "आजी, कुणाला ओळखलंत?"

"तोंडं झाकली होती मुडद्यांनी." रुकय्याने उंबऱ्याबाहेर बोट केलं. "ह्या मात्र उघड्या ठेवून गेले."

बाहेर चपलांचा ढीग होता. चाळीतलं एकूण एक पोर, हिंदूचं असो की मुसलमानाचं, तिच्या हातचं जेवून वाढलेलं. चपलेनिशी लादीवर पाय टाकला की पोटरीवर लाटणं. माणूस मारायला आली तरी सवय सुटली नव्हती.

"एकेक उचला. चपलेवरून घर सांगते. एकाला सोडू नका, हात तोडा मेल्यांचे."

ती वाकली आणि तशीच थांबली. ढिगात चॉकलेटी सँडल होती, चांदीच्या बक्कलची. ईदला तिनेच नातवाला घेतलेली. तिचा हात आपसूक कपाळावर गेला, मघाशी तळवा होता तिथे.

"गप रव गो," वनमाला कानाशी पुटपुटली. "सार ती पायाखाली. मी काय्येक बघूक नाय."

रुकय्याने तिच्याकडे पाहिलं. वनमालाने पदर पोटाशी धरला होता. पदराखालून निळा पट्टा डोकावत होता. तिच्या पोराच्या, निलेशच्या चपलेचा.

रुकय्याने सँडल उचलली, हवालदाराच्या हातात दिली.

"ही पहिली. मुदस्सर. माझा नातू."

आत मुनाफ कण्हत होता.

"पुढची?" कुंडलिकने विचारलं.

रुकय्या वनमालाकडे बघत राहिली. वनमालाने पदर आणखी आवळला.