खांबाशेजारचं पार्किंग

"तिसऱ्यांदा खांबाला ठोकलीत गाडी, बाबा," प्रज्ञेश म्हणाला.

तात्याराव बंपरकडे बघत राहिले. डाव्या कोपऱ्यात आधीचेच दोन पोचे होते. नवा पोचा त्यांच्यात सामावून गेला होता.

"माझंच चुकलं," प्रेमलाबाई म्हणाल्या. "मी 'बस' म्हणायला उशीर केला. मला मेला अंदाजच येत नाही."

तात्यारावांनी हे खोडून काढायला हवं होतं. वारज्याच्या त्या सोसायटीत चिठ्ठ्या टाकून पार्किंग वाटलं गेलं, तेव्हा भिंतीलगतची, मागे डाव्या कोपऱ्यात खांब असलेली बोळकांडी त्यांच्या वाट्याला आली होती. गाडी आत घालायची तर रिव्हर्समध्येच. प्रेमलाबाई आधी उतरायच्या, मागे खांबाशी जाऊन उभ्या राहायच्या आणि "या, या, अजून या" म्हणायच्या. तात्यारावांची मान वळत नसे. कान बायकोकडे, पाय ब्रेकवर, असा त्यांचा कारभार. तिचं 'बस' वेळेवर येतं आणि आपलाच पाय हल्ली उशिरा पडतो, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. पण तसं कबूल केलं असतं तर गाडी गेली असती. म्हणून दर वेळी ते बायकोला दोष घेऊ द्यायचे आणि रात्री त्यांना नीट झोप लागायची नाही.

"आता आणखी एक पोचा पडला की गाडी विकायची," प्रज्ञेश म्हणाला. "आणि तुम्ही दोघांनी आमच्याकडे वाघोलीला यायचं. आम्रपालीने खोली तयार ठेवलीये. आज खांब आहे, उद्या कुणाचं पोर असेल."

"वाघोलीला येऊन काय करू? बाराव्या मजल्यावरून ट्रॅफिक बघत बसू?"

"आई, तू सांग ना यांना."

"तुमचं तुम्ही ठरवा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

पाटबंधारे खात्यात असताना तात्यारावांनी ती झेन नवी कोरी घेतली होती. रविवारी विहारात जायचं, तिथून शनिवार पेठेत जुने मित्र नागोराव यांच्याकडे चहाला, मनात आलं तर खडकवासल्याला. कुणाला विचारायचं नाही. वाघोलीची ती खोली डोळ्यांसमोर आली की त्यांचा जीव घुसमटायचा. तिथे पाऊल बाहेर टाकायचं तर मुलाची सवड बघा, सुनेचं वेळापत्रक बघा. दुसऱ्याच्या मर्जीवर जगणं म्हणजे कैदच, असं ते नागोरावांना सांगायचे.

वाघोलीला ते महिन्यातून एकदा जात, तेही दुपारपुरते. नात प्रेमलाबाईंचा पदर धरून म्हणायची, "आजी, राहा ना आज." तेवढ्यात तात्यारावांच्या हातातली किल्ली वाजायची. "अंधारात समोरच्या दिव्यांचा त्रास होतो मला. निघू या." मग प्रेमलाबाई पदर सोडवून उठायच्या. एकटीने बसने जायचं तर त्यांचे गुडघे साथ देत नव्हते.

कॅमेऱ्याची कल्पना नागोरावांची. तात्यारावांनी ती लगेच उचलली आणि मुलाला फोनवर ठणकावून सांगितलं, "मागचं दिसायला लागलं की तक्रार नाही ना तुझी?"

"नाही. पण रविवारी मी येऊन बघणार."

शनिवारी समाधान आला. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. "जय भीम, साहेब," म्हणत त्याने गाडीला एक फेरी मारली. "हिच्यापेक्षा कॅमेरा जास्त दिवस टिकेल."

त्याने नंबरप्लेटच्या वर बोटभर कॅमेरा बसवला, वायर गालिच्याखालून पुढे आणली आणि जुन्या आरशावर नवा आरसा चढवला. रिव्हर्स टाकला की त्या आरशात चित्र उमटायचं. भिंत, खांब, फरशीवरचा तेलाचा डागसुद्धा. वर हिरव्या, पिवळ्या, लाल रेषा.

"खांब लाल रेषेला लागला की थांबायचं," समाधान म्हणाला. "मागं कुणाला उभं करायची गरज नाही आता."

तात्यारावांना इतका आनंद झाला की ते जिना चढून स्वतः बायकोला बोलवायला गेले. प्रेमलाबाई नातीचा फ्रॉक शिवत होत्या. त्यांनी चष्मा न लावता एका दमात सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "मी बघून काय करू? मला काय कळतंय त्यातलं?"

रविवारी प्रज्ञेश आला आणि गाडीच्या पुढे हाताची घडी घालून उभा राहिला. तात्यारावांनी सोसायटीला एक चक्कर मारून झेन बोळकांडीसमोर आणली. शेजारी बसलेल्या प्रेमलाबाईंनी दार उघडलं.

"आता कशाला उतरतेस?"

"सवय आहे हो. बसवत नाही," त्या म्हणाल्या आणि मागे गेल्या.

तात्यारावांनी रिव्हर्स टाकला. आरशात चित्र आलं. गाडी सरकू लागली तसा खांब हिरव्या रेषेवरून पिवळीवर आला. मागून ओळखीचा आवाज येत होता, "या, या." खांब लाल रेषेला लागला आणि त्यांचा पाय ब्रेकवर पडला. वेळेवर, अगदी वेळेवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली. पायाला काहीही झालेलं नव्हतं.

"या, अजून या," आवाज आला.

चित्रात खांबाच्या कडेला प्रेमला उभी होती. बंपर आणि खांब यांच्यात वीतभर जागा उरली होती. ती त्या जागेकडेच टक लावून बघत होती आणि हाताने त्यांना बोलावत होती.

"बाबा, नीट दिसतंय ना?" प्रज्ञेशने समोरून विचारलं.

"काही दिसत नाही रे," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.