मागं मागं

जंगलातली जनावरं पकडायचा तो व्हिडिओ गेम. नाहीदनं पकडलेलं सगळ्यात चिमुकलं जनावर पडद्यावर तिच्या मागं मागं चालायचं, म्हणून तेच तिचं लाडकं. जेवायला उठताना तिनं गेम मासळी घेऊन आलेल्या मनसारामकाकांच्या हाती दिला. परतली तर जनावर नाही! तिनंच शिकवलेलं बटण काकांनी दाबलं होतं.

"लहान होतं वं माय. हरीचं नाव घेऊन सोडून देलं. वाढाले नको का त्यानं?"

नाहीद दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी तिला तलावावर नेऊन डोंग्यात बसवलं आणि जाळ्यातला बोटभर मासा तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं त्याला डोळे भरून पाहिलं, अलगद पाण्यात सोडलं.

डोंगा निघाला. थोड्या वेळानं ती कुजबुजली, "काका, हळू चालवा ना. मांगं मांगं येऊन राह्यला तो."