उतरवलेली पानं
धरमपेठेतल्या वाचनालयात झाडलोट करणाऱ्या भागरथाबाईला वाचता येत नव्हतं. तिची लेक विमल तिथंच बसून मॅट्रिकचा अभ्यास करायची, पण परीक्षेच्या तोंडावर तिचा पाय मोडला आणि ती इस्पितळात पडली. भूगोलाचं पुस्तक बाहेर नेता येत नव्हतं. मग विमलनं खूण घातलेली दोन पानं भागरथाबाईनं, एकेक अक्षर चित्रासारखं पाहून, तीन दुपारी खपून वहीत उतरवली. विमलनं वही उघडली आणि कितीतरी वेळ पानावरून हात फिरवला. “बराबर आहे का वं?” आईनं भीत भीत विचारलं. “बराबर आहे, माय. सारं समजून राहिलं मले.” भागरथाबाई तिच्याकडे पाहत राहिली. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून कसे सरकतात, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं होतं. विमलचे डोळे पहिल्याच ओळीवर अडकले होते. “उद्या अजून दोन पानं आणीन,” आई म्हणाली.